मागचा दिवा

सायकलचा मागचा दिवा चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. पुढच्याचा उजेड रस्त्यावर पडतो, ओल्या विटांवरून आपल्या आधी सरकत जातो, वळणावर समोरच्या भिंतीला जाऊन टेकतो. मागचा लाल ठिपका आपल्या पाठीशी असतो आणि आपल्याला त्याचा काहीही उपयोग नसतो. तो लागला आहे की नाही हे बघायचं तर खाली उतरून मागे जावं लागतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला राहायला गेले तेव्हा संध्याकाळी माणसं हे करताना दिसायची. तिथल्या न्यूडे चौकात शहराचं मुख्य ग्रंथालय आहे. पूर्वी ते टपाल कार्यालय होतं, १९२४ साली बांधून झालेलं; आत विटांच्या इतक्या उंच कमानी आहेत की पुस्तक बाजूला ठेवून वर बघत बसावं. ग्रंथालय बंद होण्याच्या सुमारास लोक बाहेर यायचे, कुलूप काढायचे, साखळी सीटखाली गुंडाळायचे, वाकून मडगार्डवरचं बटण दाबायचे, एक पाऊल मागे सरून लाल दिवा लागल्याची खात्री करायचे आणि मगच टांग मारायचे. एवढ्या सवयीने करायचे की बोलणं मध्ये तुटायचं नाही. दोन मैत्रिणी गप्पा मारत बाहेर पडायच्या, दोघी एकाच वेळी वाकायच्या आणि वाक्य तिथूनच पुढे चालू व्हायचं.

त्या देशात अंधाराचा हिशेब निराळा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळ एकदम अंगावर येते. नोव्हेंबरात पाच वाजता दिवेलागण होऊन गेलेली असते. डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या आसपास आणि साडेचारला मावळतो. म्हणजे शाळेत जाणारं पोर सकाळी अंधारात निघतं, आणि मोठ्या वर्गातलं असेल तर अंधारातच परततं. पाऊस असतो, तोही आपल्यासारखा कोसळणारा नव्हे, चष्म्याच्या काचेवर बसून राहणारा. अशा हवेत सगळं शहर सायकलवर असतं. आया पुढच्या पेटीत दोन-दोन मुलं बसवून जातात, सत्तरीच्या बायका पाठीचा कणा ताठ ठेवून जातात, विद्यार्थी एका हातात छत्री धरून जातात. आणि याच आठवड्यांत पोलीस सायकलींच्या वाटांवर उभे राहून दिवे तपासतात.

अशाच एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी मला दंड झाला. ग्रंथालयातून निघून फोरस्ट्राटने मी घराकडे येत होते. शहराभोवतीचा जुना खंदक ओलांडायला पुढे एक पूल आहे, त्याच्या तोंडाशी दोघे पोलीस उभे होते. त्यांच्याही सायकलीच होत्या, कठड्याला टेकवून ठेवलेल्या. त्यातल्या तरुण पोलीस बाईंनी हात आडवा केला. मी उलटं पेडल मारून थांबले. तिथल्या जुन्या धाटणीच्या सायकलींना हाताने दाबायचे ब्रेक नसतात, पेडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. "तुमचा मागचा दिवा लागत नाहीये," त्या म्हणाल्या. मी उतरून मागे गेले. खरंच लागत नव्हता. त्यांनी वाकून बटण दाबलं, मग दिव्यावर बोटाने दोनदा टकटक केलं, मग पुन्हा दाबलं. तो लागावा असंच त्यांना वाटत होतं, हे त्यांच्या त्या बोटांतून मला कळलं. सेल संपलेले होते. मग त्यांनी ओळखपत्र मागितलं.

परक्या देशात कागदांच्या आधारावर राहणाऱ्या माणसाकडे गणवेशातल्या कुणी कागद मागितला की दिवा बाजूलाच राहतो. पाकीट उघडताना माझी बोटं गारठलेली होती, पण ती थंडीने होती असं मी म्हणणार नाही. राहण्याच्या परवान्याची मुदत, घराचा करार, भाड्याची पावती, न मागितलेलं सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं. तिथे चौदा वर्षांवरच्या कुणालाही पोलिसांनी मागितल्यावर ओळखपत्र दाखवावं लागतं, २००५पासून तसा कायदाच आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलं तरी छातीत व्हायचं ते होतंच. त्यांनी कार्ड घेतलं, मोबाइलवर काही टिपलं, परत दिलं. एवढ्यात दुसऱ्या पोलिसाने माझ्या मागून आलेल्या एका गृहस्थाला थांबवलं. उंच, इस्त्रीचा कोट, सायकलला मागे लहान मुलाची रिकामी सीट, तिथलाच माणूस. त्याचाही दिवा लागत नव्हता. तेच वाक्य, तोच सूर, तेच ओळखपत्र. त्यानेही काही न बोलता पाकीट काढलं. माझा श्वास जागेवर आला तो तेव्हा. "पत्र घरी येईल," बाई म्हणाल्या, "आणि आता इथून सायकल हातात धरून चालत जा. घर लांब आहे का?" शेवटचा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला, उत्तरासाठी थांबल्या.

घर बिल्टस्ट्राटच्या पलीकडे होतं, सायकलने पाच मिनिटांवर. पायी त्याहून कितीतरी लांब झालं, आणि त्या चालण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. मी त्या वाटेने रोज जायचे, पण वाहत्या पाण्यात असलेल्याला पाणी कुठे दिसतं? आता मी काठावरून चालत होते आणि एकामागून एक सायकली माझ्या बाजूने पुढे जात होत्या. प्रत्येकीचा लाल दिवा माझ्यासमोर उमटायचा आणि लांब लांब जात लहान व्हायचा. कुठला दिवा उंच, कॅरिअरखाली बसवलेला. कुठला मडगार्डच्या टोकाशी, जमिनीलगत. एक हलका डावी-उजवीकडे डोलत होता, म्हणजे चालवणारं लहान असणार किंवा दमलेलं. एकाच उंचीवरचे दोन दिवे जोडीने जात होते, अंतर न बदलता, म्हणजे गप्पा रंगल्या असणार. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला तिथे मुभा आहे. एका कोटाच्या पाठीवर दिवा चिमट्याने लावलेला होता आणि श्वासागणिक वर-खाली होत होता. एका मुलीने मैत्रिणीला कॅरिअरवर एका अंगाने बसवलं होतं. मैत्रिणीच्या लांब कोटाचा घोळ दिव्यावर येई, दिवा विझल्यासारखा होई, मग तीच हाताने कोट आवरून घेई. चेहरा एकही दिसत नव्हता, तरी प्रत्येकाबद्दल मला काहीतरी कळत होतं.

आणि मग एक पाठ एकदम अंधारातून उगवली. माझ्या बाजूने कुणीतरी दिव्याविना गेलं होतं. टायरचा ओला आवाज आला, पण माणूस नव्हता; आणि पुढच्या खांबाच्या उजेडात ती व्यक्ती अचानक घडली, दोन क्षण राहिली आणि पुन्हा नाहीशी झाली. मागून मोटार येत असती तर तिच्या चालकाच्या लेखी त्या वाटेवर कुणी नव्हतंच. कुणीतरी काहीतरी लपवावं तसं नव्हे. अंधाराने ते माणूस हिशेबातूनच काढून टाकलं होतं.

तिथला नियम फार बारकाईने लिहिलेला आहे. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल. लुकलुकणारा चालत नाही, स्थिर जळणारा हवा. सायकलला बसवा किंवा स्वतःच्या पाठीला, छातीला लावा. पण डोक्यावर, हाता-पायांवर नको, कारण ते हलतात. शिवाय पेडलवर पिवळे चमकते तुकडे, चाकांना पांढरी किंवा पिवळी चमकती कड, मागे लाल परावर्तक. वाचताना जाच वाटावा इतके तपशील. पण त्या रात्री घरी पोचेपर्यंत मला त्या प्रत्येक तपशिलामागे उभा असलेला माणूस दिसू लागला होता: ज्याने कधीतरी रात्री रस्त्याच्या कडेला उभं राहून, मागून येणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं असेल.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला तेव्हा अप्पांना, माझ्या वडिलांना, हे सांगितलं. ते नव्वदीकडे झुकलेले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोर्टात जावं लागलं का?"

तो प्रश्न कुठून आला हे मला माहीत होतं. अप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ सालचा तो कारखाना आणि नारायण पेठेतलं आमचं घर यांच्यामधला रस्ता त्यांनी उभा जन्म सायकलने काटला. सकाळच्या पाळीला शिवाजीनगर ओलांडून वाकडेवाडीच्या रस्त्याला लागलं की सायकलींचा लोंढाच असायचा, मागून-पुढून घंट्या, हँडलला अडकवलेले डबे, पायजम्याच्या उजव्या पायाला लावलेल्या क्लिपा. भोंगा व्हायच्या आत फाटकात शिरायचं. संध्याकाळी तोच लोंढा उलटा. त्या पुण्यात 'विदाउट लाइट' आणि 'डबलसीट' हे दोन गुन्हे शाळकरी पोरालाही पाठ असत. चौकाच्या अलीकडे पोलीस दिसला की मागचा टुणकन खाली उडी मारी आणि चालू लागे. दिवा नसलेला उतरून सायकल हातात धरी. सायकल हातात धरून चालणाऱ्याला कुणी काही करू शकत नसे. महापालिकेचा सायकलचा बिल्ला असे, दरसाल पैसे भरून घ्यायचा. तो नसला तरी अडवत.

अप्पांच्या सायकलला डायनामो होता. बाटलीच्या आकाराचा तो डबा मागच्या चाकाला टेकवला की त्याची दातेरी चकती टायरवर घासून फिरायची आणि गुणगुण सुरू व्हायची. वेग वाढला की आवाज चढायचा आणि दिवा प्रखर व्हायचा. चढावर दोन्ही मंदावायचे. थांबलं की दिवा गेला. पावसाळ्यात टायर ओला झाला की चकती घसरायची, म्हणून अप्पा रोज संध्याकाळी निघण्याआधी ती फडक्याने कोरडी करत आणि घरी आल्यावर पुन्हा. गल्लीच्या तोंडाशी ती गुणगुण ऐकू आली की आई आमटी गरम करायला ठेवायची. एकदा त्या डायनामोची तार तुटलेली असताना त्यांना पकडलं होतं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढे उभं राहून दंड भरावा लागला. दंडापेक्षा बुडालेली अर्धी पाळी जास्त लागली, असं ते म्हणत; आणि त्याहीपेक्षा, चोऱ्यामाऱ्या केलेल्यांच्या रांगेत उभं राहणं लागलं. ते अजून विसरलेले नाहीत.

मी म्हटलं, "नाही अप्पा, कोर्ट नाही. पत्र येईल, पैसे भरायचे, संपलं." त्यांना ते फार आवडलं. "हे बरं केलंय त्यांनी," ते म्हणाले.

केलंय ते असं. पूर्वी तिथेही वाहतुकीचा बारीकसारीक गुन्हा हा फौजदारी गुन्हाच होता, आणि अशा खटल्यांच्या ओझ्याखाली न्यायालयं दबून गेली होती. १९८९ साली कायदा झाला आणि हे दंड फौजदारीतून काढून प्रशासनाकडे दिले गेले. न्यायखात्यातल्या मुल्डर नावाच्या अधिकाऱ्याचं नाव त्या कायद्याला लोकांनी चिकटवलं आहे. उत्तरेला लेउवार्डेन नावाचं शहर आहे, तिथून सगळ्या देशाला दंडाची पत्रं जातात. काही दिवसांनी माझंही आलं. दाराच्या फटीतून बाकीच्या टपालाबरोबर आत पडलेलं, पाणीपट्टीच्या बिलासारखं कोरडं. तारीख, मिनिटापर्यंत वेळ, रस्त्याचं नाव, वाहन: सायकल. दंडाची रक्कम, त्याखाली वेगळ्या ओळीत कार्यालयीन खर्चाचे ९ युरो. मान्य नसेल तर सहा आठवड्यांत सरकारी वकिलाकडे दाद मागता येईल. रक्कम लहान नव्हती, आठवड्याचा भाजीपाला आणि वर काही. पण त्या कागदावर मी अपराधी नव्हते, कुणाच्या मेहेरबानीवर नव्हते आणि परकीही नव्हते. 'वाहन' या शब्दापुढे सायकल लिहिलेली मी बराच वेळ बघत राहिले. पुण्यात कितीतरी वर्षं सायकल चालवून मला कुणी इतक्या गांभीर्याने वाहनचालक म्हटलेलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात एक विजेरी हाती लागली. सेल नसलेली. मुठीत धरून खटका दाबत राहायचं, आत लहानसा डायनामो फिरतो आणि दिवा लागतो. महायुद्धाच्या काळात आइंडहोव्हनच्या फिलिप्समध्ये अशा विजेऱ्या बनत असत. विक्रेत्या आजोबांनी ती माझ्या हातात देऊन दाबायला लावली. मुठीत गुणगुण सुरू झाली आणि मी क्षणभर नारायण पेठेतल्या ओट्यावर होते. मे १९४०मध्ये जर्मन फौजा आल्या आणि देशात रात्रीचा उजेड बंद झाला. विमानांना खालची वस्ती दिसू नये म्हणून खिडक्या काळ्या कागदाने झाकायच्या, सायकलच्या दिव्यावर आच्छादन घालून जेमतेम एक फट उघडी ठेवायची. ज्याचा उजेड बाहेर दिसेल त्याला दंड. १९४२मध्ये तर सायकलीच जप्त होऊ लागल्या. लोकांनी त्या माळ्यावर, गवताखाली दडवल्या. ज्यांच्या राहिल्या त्यांना टायर मिळेनात, लाकडी धावा लावून लोक खडखडत गेले. दिसू नये यासाठी ज्या रस्त्यांवर दंड झाला, त्याच रस्त्यांवर आज दिसावं यासाठी होतो. ते आजोबा त्या काळी फार लहान असणार. ते युद्धाबद्दल काही बोलले नाहीत. विजेरी परत घेऊन त्यांनी ती पुसली आणि रांगेत नीट ठेवली.

मला सुरुवातीला वाटत असे की हा देश पहिल्यापासूनच सायकलवाल्यांचा आहे, त्यांच्या रक्तातच ते असणार. तसं नाही. युद्धानंतर पैसा आला, मोटारी आल्या आणि शहरांनी त्यांच्यासाठी जागा करून दिली. उत्रेख्तचा तो खंदक, बाराव्या शतकातला, ११२२मध्ये शहराला सनद मिळाली तेव्हापासूनचा. त्याचा पश्चिमेकडचा भाग १९७०च्या दशकात कोरडा करून त्यात मोटारींसाठी रुंद रस्ता घातला होता. पाण्याच्या जागी डांबर. नंतर लोकांनी मतदान करून ते पाणी परत मागितलं आणि २०२०च्या सप्टेंबरात खंदकाचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. मी तिथे फिरायला जायचे तेव्हा लोक होड्या वल्हवत असायचे. खाली एकेकाळी मोटारी धावत होत्या हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

१९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्याच वर्षी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली गेली. पुढच्या वर्षी त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याचा, आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. आईबाप पोरांना घेऊन रस्त्यांवर उतरले, चौक अडवून बसले, रस्ता बंद करून त्यावर मुलांना खेळायला सोडलं. १९७३च्या तेलटंचाईत सरकारने मोटारींविना रविवार जाहीर केले आणि लोक महामार्गावर सायकली घेऊन गेले. १९७५मध्ये सायकलस्वारांची संघटना झाली. त्याच दशकात हेग आणि टिलबुर्ग शहरांत प्रयोगादाखल सायकलींचे वेगळे रस्ते बांधले गेले. ही सगळी कामं हळूहळू, भांडून, वर्षानुवर्षांत झाली.

त्या मुलीचा विचार माझ्या मनातून जात नाही. ती दिवसाउजेडी शाळेत निघाली होती. तिच्या सायकलला नियमात लिहिलेले सगळे दिवे असते तरी काय झालं असतं? तिला दिसायला कुठे कमी पडलं होतं? ती होती ती जागाच मोटारीची मानली गेली होती. म्हणून त्या देशाने नुसते दिवे तपासले नाहीत. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर, नुकसानभरपाईच्या बाबतीत, जबाबदारी मोटारवाल्यावर येते. आपल्याला टाळणं अशक्यच होतं हे त्याने सिद्ध करायचं. मूल चौदा वर्षांखालचं असेल तर भरपाई बहुतेक पूर्ण त्याचीच, मग मुलाची चूक का असेना. ज्याचं यंत्र जड, त्याच्यावर बघण्याचा भार जड. मुलांनाही मोकळं सोडलेलं नाही. दहा-बारा वर्षांची झाली की शाळेत वाहतुकीची परीक्षा असते, लेखी आणि प्रत्यक्ष. मी एकदा बघितली. पाठीवर क्रमांक लावलेली मुलं एकेक करून येत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर पालक कागद घेऊन उभे. डावीकडे वळण्याआधी खांद्यावरून मागे बघितलं का, हात दाखवला का, हे टिपून घेत होते. एक मुलगी वळून इतका वेळ मागे बघत राहिली की तिची सायकल रेषेबाहेर गेली. कागद धरलेल्या बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

सगळं गोड आहे असं नाही. रस्त्यावरचे मृत्यू आता वर्षाला सातशेच्या आसपास आले आहेत, पण अलीकडच्या काही वर्षांत त्यांत सगळ्यांत मोठा वाटा सायकलवाल्यांचाच आहे, त्यातही म्हाताऱ्या माणसांचा. विजेच्या सायकलींचा वेग त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. शेजारच्या आजी पडल्या तेव्हा आजूबाजूला मोटार नव्हतीच. त्यांच्या दारातली सायकल मग कितीतरी दिवस कुणी हलवली नाही.

परत आल्यावर पुण्यात मी संध्याकाळी रस्त्याकडे निराळ्या नजरेने बघू लागले. सायकली संपल्या असं आपण म्हणतो, पण संपलेल्या नाहीत. रात्रपाळीला निघालेले वॉचमन, बांधकामावरून वस्तीकडे परतणारे मजूर, पहाटे पेपर टाकणारी मुलं, मागच्या कॅरिअरला बादल्या बांधून गाड्या धुवायला जाणारे. कर्वे रस्त्याला संध्याकाळी सातला उभं राहा. मोटारींच्या उजेडात ते कडेकडेने जाताना दिसतात आणि उजेड सरकला की जातात. दिवा एकालाही नाही. त्यांना कुणी अडवत नाही. पोलीस मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट बघतो, चलन फाडतो. सायकलवाला त्याच्या डोळ्यांसमोरून जातो आणि त्याची नजर हलत नाही. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यांवर गाड्या उभ्या असतात, पाणीपुरीवाले असतात. सायकल चालवणाऱ्याला आज या शहरात कोणताही नियम लावला जात नाही, आणि मला त्यात मोकळीक दिसत नाही. आपण त्याला मोजणंच सोडून दिलं आहे.

अप्पांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आम्हाला अडवायचे, कारण तेव्हा रस्त्यावर आम्हीच होतो. आमचं आम्हाला लागलं तरी वाहतूक खोळंबायची."

आमच्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमन, आम्ही त्यांना काका म्हणतो, धायरीहून सायकलने येतात. मी त्यांना मागचा लाल दिवा आणून दिला. ते लगेच "बरं झालं" म्हणाले नाहीत. हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ताई, हा रात्रभर खाली राहिला तर सकाळी जागेवर नसेल," म्हणाले. मी म्हटलं, काढून खिशात ठेवायचा, तसाच आहे तो. मग ते थोडं थांबून म्हणाले, "आणि मागनं येणाऱ्याला मी दिसलो, तर तो काय करणार? हॉर्नच मारणार ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. अप्पा मात्र खुर्ची ओढून गेटपाशी बसले आणि दोघांची जुंपली. अप्पांचं म्हणणं, आधी दिवा लावा, दिसा, मग रस्ता मागा. दिवा न लावणाऱ्याचं कोण ऐकेल? काकांचं म्हणणं, साहेब, आधी पाय ठेवायला जागा द्या, मग दिवा काय, मी डोक्यावर मशाल घेऊन येतो. मला एकदा एकाचं पटतं, एकदा दुसऱ्याचं. त्या देशातल्या लोकांनी यातलं आधी काय केलं असं विचाराल तर दिव्याचा नियम त्यांच्याकडे जुनाच होता, आणि तरीही ती चारशे मुलं गेली. आणि रस्ते झाल्यावरही दिवे तपासणं त्यांनी सोडलेलं नाही.

तो वाद रोज थोडा थोडा चालतो. काका दिवा लावतात, पण सिंहगड रस्त्याला लागेपर्यंतच, असं त्यांनीच सांगितलं. पुढे काढून ठेवतात, का ते सांगत नाहीत. गेल्या आठवड्यात त्या वादात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उतरल्या. त्यांची मुलगी पाचवीत गेली आहे आणि शाळेत सायकलने जायचं म्हणून हटून बसली आहे. शाळा दीड किलोमीटरवर. अप्पांनी कागद घेऊन नकाशा काढला, कोणत्या गल्लीतून गेलं तर मोठा रस्ता एकदाच ओलांडावा लागेल ते दाखवलं. काकांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या. त्या गल्लीत सकाळी टँकर उभे असतात, ते त्यांना माहीत. वहिनींनी कागद घडी घालून नेला. शाळा जूनमध्ये सुरू होईल, आणि यजमानांनी अजून हो म्हटलेलं नाही.